नारिंगी बुचं

"काढ ती बुचं कानातनं."

दस्तगीरमामा एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या तंबूतल्या दोघा तमिळ मेकॅनिकांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडं पाहिलं. चेन्नईबाहेरच्या रेस ट्रॅकवरची रविवारची सकाळ होती. आठ वाजून गेले होते, तासाभरात क्वालिफाइंग, म्हणजे कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी, सुरू होणार होतं आणि मी लेदरचा सूट कमरेपर्यंत चढवून आमच्या टेंपोच्या फाळक्यावर बसले होते. कानांत फोमची दोन नारिंगी बुचं होती. ती दिसू नयेत म्हणून मी केस पुढं घेतले होते, पण मामांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"मामा, डॉक्टरबाईंनी सांगितलंय," मी म्हणाले.

"डॉक्टरबाई गाडी चालवणार हाईत काय? इंजान ऐकायचं न्हाई तर गाडी चालवायची कशानं, नाकानं?"

केबिनमध्ये पाय वर करून भडंग खात बसलेला बाहुबलीदादा फिसकन हसला. हा माझा चुलतभाऊ. टेंपो त्याचा. इचलकरंजीपासून चेन्नईपर्यंत गाडी, दोन टायर, हत्यारांची पेटी, मामा आणि मी, एवढं सगळं त्यानं दोन दिवस ओढत आणलं होतं, त्यामुळं हसायचा त्याला हक्क होता.

"त्रिशला, काढ गं बाई," तो म्हणाला. "मामांचं डोकं तापलं की मग गाडी पण तापते."

मी बुचं काढून खिशात टाकली. त्या दिवशी मामांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि त्याला कारण होतं.

दस्तगीर शिकलगार हे नाव तेव्हा साताऱ्यापासून बेळगावपर्यंत कुठल्याही गॅरेजात घेतलं तरी लोक मान डोलवायचे. तरुणपणी ते मागांच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणारा तो जॉबर. पुढं मोटरसायकलींकडं वळले आणि त्यांच्या कानाची ख्याती झाली. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं: टॅपेट ढिलं आहे, चेन खाल्ली आहे, पिस्टन बदल. चुकायचे नाहीत. पण गेली दोन वर्षं त्यांनी बनवलेल्या गाड्या याच ट्रॅकवर शर्यतीच्या मध्येच जाम झाल्या होत्या. एका पोराचं मनगट मोडलं होतं. गावात कुजबुज सुरू झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी मामांनी गॅरेजात पाच-सहा जणांसमोर सांगून टाकलं होतं, "ही गाडी शेवटचा झेंडा बघून आली तर आली. न्हाईतर शटर कायमचं खाली." ते गंमत करत नव्हते. एकसष्ट वर्षांचा माणूस होता तो, आणि गॅरेज सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

तेव्हा मला जिंकायचं नव्हतं असं नाही. बावीस वर्षांची होते, कुणाला जिंकायचं नसतं? पण खरी गोष्ट अशी की आठ फेऱ्या पुऱ्या करून गाडी आपल्या पायांवर परत आणायची, एवढंच मी मनाशी धरलं होतं.

मामांनी स्टँडवरच्या गाडीला किक मारली, स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. थ्रॉटल दोनदा पिळून सोडला.

"शुद्ध हाय," ते म्हणाले. "जा. ऐकत चालीव."

मी गेले. आधी टेंपोच्या मागं गेले, तिथं खाली बसले आणि बुचं परत घातली.

मला या बाबतीत लपवाछपवी का करावी लागत होती, तेही सांगते. दोन महिन्यांपूर्वीपासून सराव करून घरी आले की माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत राहायची. आधी रात्रभर, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जयसिंगपूरच्या डॉक्टर आवटीबाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाब म्हणाल्या. नंतर कागद पुढं केला. बराच वेळ सरळ चाललेली रेघ उजव्या बाजूला एकदम खड्ड्यात गेली होती.

"वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात," त्या म्हणाल्या. "माणसाला पत्ताच लागत नाही, कारण समोरच्याचं बोलणं कळत असतं. हेल्मेटनं डोकं वाचतं, कान नाही. वेगात गेलीस की आतमध्ये वाऱ्याचाच एवढा आवाज होतो की इंजिन त्यापुढं काहीच नाही. काहीतरी घालून चालव. नाहीतर चाळिशीत वडिलांसारखी होशील."

माझ्या वडिलांचे आठ माग होते. आमच्या घरी जेवताना आमटीत मीठ कमी पडलं तर ते सगळ्या गल्लीला कळायचं. मला चाळिशीत तसं व्हायचं नव्हतं.

पण काहीतरी घाल म्हणणं सोपं. मी आधी कारखान्यातल्यासारखे कापसाचे बोळे घातले. त्यांनी काही म्हणता काही झालं नाही, उलट एक बोळा आत अडकला आणि तो आईनं चिमट्यानं काढला. मग मेडिकलमधून मेणाचे गोळे आणले. ते उन्हात पाघळून केसांना चिकटले. कोल्हापुरात कारखान्यांची सुरक्षेची सामग्री विकणारं एक दुकान होतं, तिथं पिवळी जाड फोमची मिळाली. आवाज छान मरायचा, पण माझ्या कानाचं भोक लहान. दहा मिनिटांत कानात कुणी अंगठा खुपसून बसलंय असं दुखायला लागायचं आणि वळणावर लक्ष राहायचं नाही. तीन छत्र्या एकावर एक लावलेली रबरी बुचं त्याच दुकानदारानं कौतुकानं दिली. हातात घेतल्यावर फार आवडली. हेल्मेट घातलं आणि त्यांचा बाहेर आलेला दांडा आतल्या गादीनं असा काही दाबला की तिसऱ्याच फेरीला डोळ्यांत पाणी आलं. पुण्याचा एक रायडर कानाचा साचा घेऊन खास बनवलेली वापरायचा, ती त्याला झोपेतही जाणवत नाहीत म्हणायचा. पण त्याला वेळ लागतो आणि माझ्याकडं वेळ नव्हता. शेवटी त्याच दुकानात मागच्या खोक्यात ही नारिंगी सापडली. लहान मापाची, मऊ, टोकाला निमुळती. बोटांत वळून वातीसारखी बारीक करायची, डोक्यावरून उलटा हात नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढायची, बूच सारायचं आणि फुगेपर्यंत तीस आकडे बोटानं धरून ठेवायचं. कानाबरोबर सपाट बसायची. हेल्मेट चढवताना निघून येत नव्हती. तासभर घातली तरी दुखत नव्हती. दुकानदाराला वाटलं मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवते.

तर ती घालून मी त्या सकाळी ट्रॅकवर उतरले.

आणि काय सांगू! आदल्या दिवशी सरावात याच सरळ रस्त्यावर वाऱ्याच्या घोंगाटात मला स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता. आज वारा कुणीतरी दाराबाहेर ठेवला होता. इंजिन मात्र होतं, स्वच्छ, पायाखालून आणि टाकीवरून वर येणारं. दुसऱ्यातून तिसरा गियर कधी टाकायचा हे मला काट्याकडं न बघता कळत होतं. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कुठल्या बाजूनं येतोय तेही कळत होतं. मामा म्हणत होते की बुचं घातल्यावर इंजिन ऐकू येणार नाही, आणि मी तर ते पहिल्यांदाच धड ऐकत होते! हेल्मेटमध्ये मी खुळ्यासारखी हसत सुटले. चौथी फेरी तर अशी गेली की मला वाटलं, ही संपूच नये.

सरळ रस्ता संपतो तिथं पहिलं वळण येतं. वळणाआधी थ्रॉटल सोडला आणि मला ती शिट्टी ऐकू आली.

बारीक, उंच, एक-दीड सेकंद. मग ब्रेक, वळण, थ्रॉटल उघडला आणि गेली.

माझ्या कानातली असणार, मी म्हटलं. पण माझ्या कानातली शिट्टी थ्रॉटलनं बंद होत नव्हती, तिला थ्रॉटल माहीतच नव्हता. पुढच्या फेरीला मी मुद्दाम कान देऊन बसले. सोडला, आली. उघडला, गेली. त्याच्या पुढच्या फेरीला परत तेच. क्वालिफाइंग संपलं तेव्हा मी अकरावी होते आणि मला अकरावीचं काही वाटत नव्हतं.

टेंपोपाशी येऊन हेल्मेट काढलं. आतली कापडी टोपी तशीच ठेवली, तिच्याखाली बुचं होती. मामा समोर उभे होते, बाहुबलीदादा माझ्या खांद्याला खांदा लावून गाडी स्टँडवर चढवत होता.

"मामा, थ्रॉटल सोडला की शिट्टी येते," मी म्हणाले.

"कसली शिट्टी?" मामा म्हणाले.

"बारीक. सरळ रस्त्याच्या शेवटाला."

"ती तुझ्या कानातली. डॉक्टरबाईनं सांगितलंय न्हवं?"

"न्हाई मामा, ती वेगळी. ही उघडला की जाते."

बाहुबलीदादा आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता. "अगं ए," तो म्हणाला, "नुसती तोंड काय हलवतीयास? आवाज काढ की. मला एक अक्षर ऐकू येत न्हाई."

इथं आमच्या गावचं एक सांगायला हवं. माग चालू असताना कारखान्यात ओरडून उपयोग नसतो. त्यामुळं तिथं सगळे ओठांनी बोलतात. नुसते ओठ, आवाज नाही. जॉबर पलीकडच्या टोकाला उभा राहून कामगाराला शिवी देतो आणि ती बरोबर पोचते. मी कारखान्यातच वाढले. कान बंद झाले, सगळीकडं इंजिनांची घरघर सुरू होती, आणि माझ्या नकळत मी कारखान्यातल्यासारखी बोलायला लागले होते. तोंडातून आवाज काढलाच नव्हता.

दादाला, जो खेटून उभा होता, काही ऐकू आलं नाही, हे बरोबर होतं. मामांनी मात्र प्रत्येक वाक्याला उत्तर दिलं होतं. आणि त्यात काही वेगळं घडलंय हे त्यांना कळलंच नव्हतं.



मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन इंजिनावर वाकले, किक मारली, थ्रॉटल पिळून सोडला. तोवर मी बुचं काढली होती. सोडल्याबरोबर शिट्टी आली, मला आली, दादाला आली. दादानं तोंड उघडलं, मी त्याचा दंड दाबला.

"शुद्ध," मामा म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ट्रॅक शांत झाला. लांब कुठंतरी एक जनरेटर तेवढा चालू होता. मामा माझ्याकडं पाठ करून चेनला तेल लावत बसले होते. मी चार पावलांवर उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मामा, पेट्रोल गळतंय बघा."

त्यांनी चेनची पुढची कडी हातात घेतली. तेल लावलं. त्याच्या पुढची घेतली.

पेट्रोल गळतंय म्हटल्यावर हा माणूस एरवी भाकरी टाकून धावत यायचा.

शर्यत अडीचला होती. घड्याळात पाऊण वाजला होता. मला दोन्ही गोष्टी एकदम दिसत होत्या. तसंच जाऊ दिलं तर सहाव्या-सातव्या फेरीला इंजिन जाम, मागचं चाक तिथल्या तिथं थांबणार आणि मी रस्त्यावर. शिवाय शटर खाली. आणि बोलले तर? आजूबाजूच्या तंबूंत त्यांना गुरू मानणारी दहा-बारा माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी, काल गाडी शिकलेली पोर, या माणसाला सांगणार की तुमचा कान गेला? मला रडायला येत होतं आणि रागही येत होता. दोन वर्षं गाड्या जाम होत होत्या आणि हा माणूस कुणाला बोलला नव्हता.

मी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले. दादा फाळक्यावर, आमच्यापासून दोन हातांवर, भडंगाची पिशवी घेऊन. मी मामांच्या डोळ्यांत बघितलं आणि ओठांनी, नुसत्या ओठांनी म्हणाले, "मामा, शिट्टी माझ्या कानातली न्हाई. गाडीची आहे. तुम्हाला ऐकू येत न्हाई."

मामांनी आधी दादाकडं बघितलं. मग शेजारच्या तंबूकडं. मग त्यांचे ओठ हलले.

"हळू बोल," ते म्हणाले.

आवाज दोघांनीही काढला नव्हता, तरी ते मला हळू बोल म्हणाले. चौदा वर्षं झाली, पण ते दोन शब्द आठवले की मला अजून गलबलून येतं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"बारीक आवाज आधी गेला. आठ-धा वर्षं झाली आसतील. तोंड दिसलं की बोललेलं कळतं, मोठं कळतं. स्क्रूड्रायव्हरमधनं हाताला थरथर लागती, तेच्यावर भागवत आलो." त्यांनी तेलाचा हात पँटला पुसला. "त्या पोराचं मनगट मोडलं तवा वाटलं हुतं, काईतरी ऱ्हायलं आपलं. पण काय, ते कळंना."

"आता कळंल. मी ऐकतो, तुम्ही सांगा."

आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. पुण्याच्या लोकांना त्याची फार गंमत वाटते. मामांना त्या क्षणी गंमत वाटली नाही. त्यांनी डोळे मिटले नाहीत, उघडे ठेवून माझ्या ओठांवर लावले.

"कसा हाय आवाज?"

"बारीक. सुईसारखा. थ्रॉटल सोडला की येतो, उघडला की जातो. इंजिन जेवढं जोरात असताना सोडंल तेवढा मोठा."

मामा एका झटक्यात उठले. असे उठले की गुडघ्याची कळ विसरले असावेत. "जॉइंट!" हे मात्र मोठ्यानं, सगळ्या पॅडॉकला, तंबूंच्या त्या अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं. "बाहुबली, पाण्याची बाटली आण. आन् पेटीतली इंजेक्शनची पिचकारी!"

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबरी जोड असतो. कंपनीचा जोड मामांना अरुंद वाटायचा. ते जाड रबरी पाइप कापून स्वतःचा रुंद जोड बनवायचे. इतर मेकॅनिक त्याला 'इचलकरंजी जॉइंट' म्हणायचे आणि चोरून त्याची नक्कल करायचे. त्यानं गाडी सरळ रस्त्यावर खरंच जास्त पळायची. मी गाडी चालू ठेवली, मामांनी पिचकारीनं जोडाभोवती पाण्याचे थेंब सोडले आणि नजर आरपीएमच्या काट्यावर ठेवली. खालच्या बाजूला पाणी पडलं आणि काटा लटपटला. मामांनी तिथं बोट दाबून धरलं. शिट्टी थांबली. मी मान हलवली. बोट काढलं, आली. मी परत मान हलवली.

रबराला खालून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, केसाएवढी चीर गेली होती. आत नुसती हवा शिरत होती. पेट्रोल कमी, उष्णता जास्त.

"दोन्ही इंजनं ह्यानंच खाल्ली," मामा ओठांनी म्हणाले. "दोन्ही येळंला हाच जॉइंट हुता. वाजत आसंल बिचारा."

सव्वा वाजला होता. दुसरा जॉइंट बनवायला वेळ नव्हता. मामा सरळ चार तंबू पलीकडं इराण्णा कमतेकडं गेले. इराण्णा बेळगावचा, मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि त्याचा रायडर आमच्याच मॉडेलच्या गाडीवर सहाव्या नंबरवरून सुटणार होता. त्याच्याकडं कंपनीचा नवा जॉइंट होता. त्यानं काहीही न विचारता काढून दिला आणि मग विचारलं.

"शिट्टी ऐकून काढलासा? ह्या गोंधळात?" त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. "काय कान हाय ओ मामा तुमचा!"

मामा जॉइंट घेऊन परत आले आणि तीस मिनिटांत गाडी बांधली. मी कान लावला. थ्रॉटल पिळून सोडला. काही नाही. परत सोडला. काही नाही. मी हसले तसे मामा हसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घाल ती बुचं."

माझे हातमोजे चढवून झाले होते. मामांनीच त्यांच्या त्या जाड, काळ्या बोटांत नारिंगी बूच वळलं, मी सांगितलं तशी पाळी वर ओढली आणि बोट दाबून धरलं. दादा समोर उभा राहून म्हणाला, "अरे वा, आता नाकानं चालवायची काय?" मामांनी त्याला एक शिवी दिली. आवाज न काढता.

झेंडा पडला आणि आम्ही एकोणीस जण सुटलो.

पहिल्या वळणावर दोघं एकमेकांना घासून बाहेर गेले, मी आतून निघाले, नववी. कंपनीच्या जोडामुळं सरळ रस्त्यावर गाडी थोडी मंद होती, ते जाणवत होतं, पण वळणांवर कुणाच्या बापाला ऐकायला ती तयार नव्हती! तिसऱ्या फेरीला मी आठवी. प्रत्येक फेरीला सरळ रस्ता संपताना थ्रॉटल सोडायचे आणि श्वास रोखून ऐकायचे. काही नाही. चौथी फेरी, काही नाही. उजवीकडून कुणीतरी येतोय हे मला बघायच्या आधी ऐकू आलं, मी दार लावलं, म्हणजे त्याची वाट अडवली, तो मागं राहिला. पाचवी. सहाव्या फेरीला माझे दात आपोआप आवळले गेले, कारण मागच्या वर्षी याच फेरीला त्या पोराचं चाक थांबलं होतं. सोडला. काही नाही! मी हेल्मेटमध्ये ओरडले, खरोखर ओरडले, या वेळी आवाज काढून. सातव्या फेरीला सहावी होते आणि पुढं इराण्णाचा रायडर होता. शेवटच्या फेरीला त्यानं ब्रेक लवकर मारला. मी नाही मारला. त्याच्या गुडघ्याला माझा आरसा लागला असता, पण रेसच्या गाडीला आरसा नसतो, म्हणून निभावलं.

शेवटचा झेंडा मी पाचव्या नंबरवर पाहिला. इंजिन चालू होतं. पॅडॉकमध्ये आणून, स्टँडवर चढवून, हातानं बंद करेपर्यंत ते चालू होतं.

दादानं मला उचललं. मामांनी गाडीच्या टाकीवर दोन्ही हात ठेवले आणि तसेच उभे राहिले, खांदे हलत होते. तोवर आमच्याभोवती माणसं जमली होती. इराण्णा सगळ्यांत पुढं. त्याचाच जॉइंट लावून आम्ही त्याच्याच रायडरला मागं टाकलं होतं, तरी गडी खूश.

"मी सांगतो तुमास्नी," तो बाकीच्यांना म्हणाला, "चालू पॅडॉकमध्ये केसाएवढी चीर कानानं धरली! असला कान पुन्हा होणे न्हाई. मामा, एकदा त्या कानाला हात लावू दे मला."

तो खरंच हात पुढं करून आला. मी मामांकडं बघितलं आणि ओठांनी म्हणाले, राहू दे मामा, काही बोलू नका.

मामांनी मला वाचलं. मग मान फिरवली आणि तोंडानं, मोठ्यानं बोलले.

"कान माझा न्हवं. हिचा. मला धा वर्षं झाली, बारीक आवाज ऐकू येत न्हाई. त्या दोन गाड्या माझ्यामुळं गेल्या. त्या पोराचा हातबी."

ज्याला जिकडं बघता येईल तिकडं तो बघत होता. मला वाटलं, आता एकेक जण निघून जाणार. उद्या बेळगावात, परवा साताऱ्यात ही गोष्ट पोचणार. मामा टाकीवर हात ठेवून ताठ उभे होते.

इराण्णाचा पुढं केलेला हात तसाच होता. तो त्यानं हळूच खाली घेतला आणि शेजारच्या टायरवर बसला.

"मामा," तो म्हणाला, "मला आमच्या दाराची बेल ऐकू येत न्हाई. बायको म्हणती, मुद्दाम करतोस."

एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. मागं उभा असलेला एक म्हातारा तमिळ मेकॅनिक, ज्याला सकाळपासून मी नुसतं बघत होते, तो इराण्णाला काय झालं म्हणून विचारायला लागला. इराण्णानं त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, आपल्या डाव्या कानावर दोन टिचक्या मारल्या आणि मान नाही म्हणून हलवली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग सांगलीचा एक जण म्हणाला, त्याला गेली चार वर्षं कुकरची शिट्टी ऐकू येते पण मोबाइल वाजलेला कळत नाही, त्यानं ते घरी कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे कानानं गाड्या लावणारे लोक होते. त्यांच्यातला एकही त्या दिवसापर्यंत दुसऱ्याला बोलला नव्हता.

मामा टाकीवरचे हात काढून सगळ्यांकडं बघत राहिले.

इराण्णा उठला. कपडे झटकले. माझ्याजवळ येऊन, इकडं तिकडं बघत, पण आवाज न लपवता म्हणाला, "पोरी, आमची दुसरी गाडी चार वाजताच्या शर्यतीला हाय. जरा येऊन ऐकतीस काय? मला तिच्यात काय बी ऐकू येत न्हाई, आन् आता त्याचीच भीती वाटायला लागली."

मी मामांना विचारलं, जाऊ का. ते माझ्या पुढं निघालेसुद्धा होते, स्क्रूड्रायव्हर घेऊन. बाकीचे मागून आले. इराण्णाच्या तंबूत गाडी स्टँडवर उभी होती. मी तिच्याशेजारी गुडघे टेकले, मामा माझे ओठ दिसतील असे समोर बसले आणि मी म्हणाले, "करा चालू."